अर्धी ओली सरासरी

ग्रंथालयात प्रत एकच होती, साखळीने बांधलेली,
बकरीसारखी.
सातव्या प्रकरणाची अकरा पानं कुणीतरी ब्लेडने कापून नेली होती
आणि मला त्या चोराचा राग येत नव्हता.
नव्या प्रतीची किंमत मी फळ्यावर एकदाच लिहिली, क्वाचांत.
मागच्या बाकावरून कुणी म्हणालं,
"मॅडम, एवढ्यात होडी येते."
"इंजिनासकट?"
"इंजिनाशिवाय. पण जाळं धरून."

मग एका रात्री, वीज होती अशा रात्री,
मी एक पुस्तक उतरवून घेतलं. संख्याशास्त्र, पहिलं वर्ष.
पहिल्याच पानावर होतं: घ्या, वाटा, बदला,
फक्त आमची नावं खोडू नका.
ते मी तीनदा वाचलं.
आजवरची पुस्तकं मला सांगत, हात धुऊन ये.
हे म्हणत होतं, बस इथे, सुरी घे, कांदा चीर.

आत बेसबॉल होता. चाळीस खेळाडूंच्या धावा.
आणि मंगळवारी बर्फ पडण्याची शक्यता.
(मांगोचीत कुणी विचारणारच: मंगळवारीच का?)
मी खोडू लागले, आधी चोरासारखी,
मग घरच्यासारखी.
बेसबॉल गेला, त्याच्या जागी उसिपा आले,
बोटभर लांबीचे, चंदेरी, तलावकाठच्या माच्यांवर वाळणारे.
चाळीस टोपल्या, चाळीस वजनं. सरासरी काढा.

न्कोलोकोसांच्या झेरॉक्सच्या दुकानात पानामागे पैसे पडले,
टाचणी फुकट.
पुस्तक फुकट असतं, कागद नसतो,
आणि ज्याने ते लिहिलं त्याचीही संध्याकाळ
फुकट नव्हती.
तरी विरजण मागायला आलेल्या शेजारणीला
कुणी पावती फाडत नाही.

तडाला म्कवांडा खिडकीजवळ बसायची.
तिने हात वर केला, गणित न सोडवता.
"ही वजनं सकाळची की दुपारची?"
मी म्हटलं, काय फरक पडतो.
वर्ग हसला. तलावकाठची सगळी पोरं हसली.
"मॅडम, मासा माचीवर दर तासाला हलका होतो.
तुमची सरासरी अर्धी ओली आहे."

मी उसिपा आयुष्यभर खाल्ला होता,
तोलला नव्हता कधी.

पुढच्या सोमवारी तिने वही आणली.
सात दिवस, दिवसातून तीनदा,
आईच्या तराजूवर, आईची बोलणी खात:
गिऱ्हाईक उभं आहे आणि ही आकडे लिहितेय.
कडेला माशाच्या तेलाचा डाग.
वही तशीच टाईप केली, डाग सोडून.
खाली लिहिलं, तक्ता ७.३: तडाला म्कवांडा.
आणि प्रकरण जिथून आलं होतं तिथे परत पाठवलं.

चौदा महिने काही नाही.
वीज जात-येत राहिली. तडाला पास झाली,
दूरच्या शाळेत रुजू झाली.

मग नॉर्वेच्या पार उत्तर टोकावरून कुणी टोर्बर्ग नावाच्या मास्तराने
तेच प्रकरण पाठवलं. उसिपा होते, जागच्या जागी.
शेजारी कॉड, शेपटीला बांधून जोड्याजोड्यांनी
लाकडी माच्यांवर टांगलेले,
वाळायला तीन महिने.
बर्फ पुन्हा आला होता,
पण आता त्याला कारण होतं.
शेवटच्या पानावर नावं: मी पाचवी, तडाला सहावी,
पुढची मला उच्चारता येत नाहीत.

ते पान घेऊन मी बाजारात गेले.
तडालाच्या आईने फोटो लांब धरला.
"तीन महिने? तिथे माश्या नसतात?"
"थंडीत नसतात."
"बरं आहे." मग माझ्याकडे बघत,
"आणि माझा तराजू वापरून ते काय देतात?"
मी म्हटलं, नाव.

ती काही बोलली नाही. दोन गिऱ्हाइकं केली.
एकाला मूठभर जास्त घातले.
मग म्हणाली, "कसं लिहिलंय ते बघून घे.
बाहेरचे लोक
म्कवांडातला म खातात."