होय, पण

झेरॉक्स केलेली सोळा पानं, मधोमध दोन पिना.
साठ रुपयांचा खेळ. लिहिणारी कोण, कुठली, पत्ता नाही.
शेवटच्या पानावर एवढंच: पटलं नाही तर बदला.

शहापुरात, मागाच्या खोलीवरचा माळा.
आम्ही चौघं. खाली धोटा आपटतोय.
खडखड थांबली की समजायचं, वीज गेली,
मग मेणबत्ती.

फासे नव्हते. चिंचोके फोडून घेतले.
पांढरी बाजू वर आली तर होय.
काळी आली तर होय, पण.
हा 'पण' मला फार आवडला,
शाळेत नुसती फुली मिळायची.

तवनाप्पा दिवसभर सोसायटीत नोटा मोजतो.
इथं तो नावाडी, एका डोळ्याचा,
नदी आटली तरी काठ सोडत नाही.
महांतेश झाला त्याची होडी.
(होडी होता येतं? पुस्तकात नाही म्हटलेलं नाही.)
घाबरला की कन्नडमधून करकरतो,
तेव्हा कुणी अर्थ विचारत नाही.

पुस्तकातला पुढचा प्रश्न मी वाचून गेलो:
वाटेत एक पाटी लागते. तिच्यावर काय लिहिलंय?

माळा गप्प.
आमच्याकडं हे असं सहज विचारत नाहीत.
महांतेशनं मेणबत्तीची वात उगाच नीट केली.
मग निलोफर म्हणाली,
"रंग ओला आहे की अजून.
कुणीतरी हात टेकलाय बघ,
पाच बोटं उठलीत."

चिंचोका टाकला. काळा.
होय, पण

खाली माग पुन्हा सुरू झाले,
आणि आम्ही मोठ्यानं बोलू लागलो.