पापणीखालचा रंग

ताकुआरेंबोच्या माळावर नेलिदा
मेंढीची खालची पापणी अंगठ्यानं ओढते.
लाल नाही, गुलाबीही नाही.
पेजेच्या निवळीसारखी.

औषध पाजून चौदा दिवस झाले,
तिसरं औषध, सगळ्यात महाग.
काचेखाली लेंडीतली अंडी:
आधी बाराशे, आज अकराशे ऐंशी.

नवरा असताना दर महिन्याला कळप पाजायचा,
एकही सुटता कामा नये.
सुटली नाहीच एकही.
सुटले ते जंत,
औषध पचवून.

आता धडधाकट मेंढ्या ती
तशाच सोडते कुरणात,
पोटात जुने, भाबडे जंत घेऊन,
ज्यांना अजून मरता येतं.

कुंपणापलीकडून ओसोरियो हसतो:
"मेंढ्या पाळतेस की जंत?"

"दोन्ही," म्हणत ती
पुढची पापणी ओढते.