तिसरी बाजू

व्हिएन्ना ते झ्युरिक सहाशे किलोमीटर,
थोडे इकडेतिकडे.
विमानाला एक तास वीस मिनिटं.
परवा मला नेरूळहून घोडबंदरला मेव्हण्याकडे पोचायला
दोन तास दहा लागले,
त्यातली चाळीस कळव्याच्या पुलावर.

मी सिडकोत नकाशे काढायचो.
आमचा सेक्टर तेव्हा नुसता चिखल होता
आणि चिखलात आम्ही ठोकलेल्या खुंट्या.
साखळीचं दुसरं टोक करावे गावच्या हसुरामकडे.
बांधावरून ओरडायचा,
"सायेब, तानून धरा! ढिली परली का अंतर वारतं."

निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसत नाही.
शेजारच्या पोराचा शाळेचा अ‍ॅटलास मागून आणला,
नेरूळला टाचणी टोचली.
एक दोरा मृण्मयीकडे, झ्युरिकला.
एक शार्दूलकडे, व्हिएन्नाला.
दोन लांबच लांब बाजू,
आणि माझ्या टोकाशी कोन इतका अरुंद
की पेन्सिलीचं टोकही नीट मावेना.
तेव्हा ध्यानात आलं,
पोरगी घरी येते
ती जवळजवळ भावाच्या छपरावरून येते.

आईच्या दहाव्याला तो पोचला नाही.
बर्फ होतं, म्हणाला.
ती म्हणाली, मला काय ऊन होतं?
एवढंच.
त्याला आता साडेचार वर्षं झाली.

वेळापत्रक मला पाठ आहे.
सकाळचं सातचं धरलं
तर दहाच्या आत ती त्याच्या दारात,
रविवार असेल तर तो अजून दात घासत असेल,
तोंडात फेस, हातात कडी.
इथपर्यंत जमतं.
पुढचं मोजायला माझ्याकडे साधन नाही.

फोन दोघांचेही येतात, अर्ध्या तासाच्या अंतराने.
पाणी येतं का, गुडघा कसा आहे, पोळीवाली टिकली का.
मग दोघंही म्हणतात, "बाकी?"
आणि थांबतात.
मी म्हणतो, बाकी काही नाही.
वजाबाकी मलाही येते.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन खोकी आली.
रक्तदाब मोजायचं यंत्र. आणि पुन्हा तेच यंत्र.
कंपनी एक, रंगही एक.
डाव्या दंडाला तिचं बांधतो, उजव्याला त्याचं.
एकशे बेचाळीस. एकशे चौतीस.
ऑफिसात असतो तर मध्य काढून सही केली असती.

आज रात्री चुकून,
म्हणजे चुकूनच म्हणायचं,
तिच्या यंत्राचा फोटो त्याला गेला,
खाली तिच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटलेली:
बाबा, खोटं लिहू नका.

दोन निळ्या खुणा.
तिकडे आत्ता संध्याकाळ.
तो काहीतरी टाइप करतोय असं दिसतं,
मग जातं, मग पुन्हा दिसतं.
मी चष्मा न काढता
गादीवर तसाच बसलोय,
हसुराम, तुझ्या बाजूचं टोक
सोडू नकोस.