शॉर्ट

पहाटे पावणेचार. बकीच्या बंदरात
दिवे आहेत, बोटी नाहीत.
एफी काउई लोण्याची वीट ओट्यावर आपटते
आणि मला म्हणते, "शॉर्ट."
एवढंच.

मला वाटतं, वजन कमी भरलं.
मी तराजूकडे बघतो. ती माझ्याकडे.
मग चिमटीत पीठ धरून
माझ्या नाकासमोर चुरते.
वाळूसारखं झरतं ते, आवाज न करता.
"हे. शॉर्ट."

शब्द माझ्या ओळखीचा होता.
आमच्याकडे हिशेबात दहा रुपये शॉर्ट यायचे,
आभाराचं भाषण शॉर्टमध्ये आटपायचं,
पंखा धूर ओकला की शॉर्ट झालं म्हणायचे.
पण पीठ?

उलगडा करणं तिच्या कामात बसत नाही.
ते करतो तिचा भाऊ हेक्टर,
सहाला मागच्या दाराने येऊन
पिठाच्या पोत्यावर बसणारा.
चाळीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलंय.
लोखंडसुद्धा शॉर्ट असतं, तो सांगतो,
गंधक जास्त झालं की
लालभडक तापूनही ताणलं जात नाही,
पहिल्या घणाला तडकतं.
मग थांबतो. पायऱ्या फक्त चार आहेत,
पण त्याला पुरत नाही श्वास.
त्यालाही इथे तोच शब्द आहे.

"पिठाला धागे असतात. मळशील तसे
लांब होतात, एकमेकांचे हात धरतात.
लोणी मध्ये शिरतं. धरू देत नाही.
आखूड राहतात बिचारे, म्हणून तर
तोंडात टाकलं की..."
"चहा गार होतोय," एफी म्हणते.

खुसखुशीत, मी मनात लिहून ठेवतो.
शॉर्टब्रेडपुरतं झालं.
एफीला काय लिहू?
फटकळ नाही, फटकळ माणसाला
निदान बोलावं लागतं.
तापट म्हणावं तर आवाज कधी चढलेला नाही.
तुटक. हो, तुटक.
तिचं वाक्य क्रियापदाची वाट बघत नाही.
रांगेतल्या प्रत्येकाला "पुढचा",
पाद्रीबुवांनाही "पुढचा".

डिसेंबर. दिवसही शॉर्ट.
साडेतीनला ऊन गावामागे उतरलं
आणि गल्ला मोजता मोजता
केल्सीचा चेहरा उतरला.
बरोबर पाच पौंड शॉर्ट.
या आठवड्यात तिसऱ्यांदा.
सतरा वर्षांची पोर. ओठ चावून बघितला,
जमलं नाही, रडली.

एफीने हिशेबाचा कागद घेतला, चुरगाळला.
"तू नाहीस."
एप्रनच्या खिशातून एक नोट काढून
गल्ल्यात टाकली, खण ढकलला.

मी पाहिलं होतं. दुपारी दोनला
विली स्लेटर येतो, टोपी हातात घेऊन,
पाचाची नोट देतो,
आणि एफी त्याला दहाची मोड देते.
तोंडाने एक शब्द नाही,
नजर त्याच्या डोक्यावरून दाराकडे.
"पुढचा."
विलीही नाणी न मोजता खिशात टाकतो.
मोजली तर परत करावी लागतील,
हे दोघांनाही ठाऊक असावं. किंवा नसेल.
विचारणार कोण?

रात्री परात घासताना न राहवून सांगितलं,
आमच्याकडे करंजीच्या पिठात
कडकडीत तूप ओततात, पारी खुसखुशीत व्हावी म्हणून.
त्या तुपाला मोहन म्हणतात.
"म्हणजे?"
म्हणजे भुरळ. म्हणजे एखाद्याचं मन
त्याला कळायच्या आत ओढून घेणं.

ती फडकं पिळत राहिली.
तिच्या मानाने फारच वेळ.

"लोणी आहे ते," म्हणाली,
आणि दिवा घालवला,
मी अजून आत असतानाच.