चाळीसची बाटली

सक्करदरा, मे महिना, दुपारचे अडीच.
कुत्रीसुद्धा नालीच्या ओलीला पोट टेकून पडलेली,
तेव्हा हर्षाली ढोबळे माझं दार वाजवते.
हातात पिशवी. पिशवीत तांबूस रंगाची ट्यूब
आणि पांढरी बाटली, चाळीस व्हॉल्यूम.
"मावशी, दुकानवाला म्हणे याच्यानं लवकर होते."
होते ना बाप्पा.
केसंही लवकर जातेत.

कूलरसमोर बसवते तिला. वाळ्याच्या वासात
एक केस ओला करून दोन बोटांत ताणते.
ताणतो, परत येतो. चांगला आहे.
पण बारीक. हिच्या आईचेही असेच होते,
मीच कापायची,
दारावर पाटी होती तेव्हा.

सांगते तिला :
नुसता गडद करायचा तर दहा पुरे.
पांढरे झाकायचे, नाहीतर एखादी पायरी उजळायची, तर वीस.
तीसला मी घड्याळ समोर ठेवून बसायची.
आणि चाळीस

(इथं मी उगाच उठून कूलरमध्ये पाणी टाकते,
टाकी अर्धी भरलेली असताना.)

लग्नसराई होती. एका दिवशी तीन नवऱ्या.
वीसची बाटली सकाळीच संपली,
बर्डीला कोण जाईल, म्हटलं,
या पोरीचे दाट आहेत, सोसतील.
मीनल बारापात्रे. दुसऱ्या दिवशी हळद.
मधेच म्हणाली, "ताई, चुरचुरते."
मी म्हटलं, थोडं चुरचुरतंच.
धुताना एक बट हातात आली,
ओल्या शेवयांसारखी, वजनच नाही.
मग आणखी एक.

ती रडली नाही. तिची आई ओरडली नाही.
खोटा अंबाडा लावला, वर तीन पदरी गजरा,
आणि बाईंनी पैसे पूर्ण मोजले,
वरून पन्नास रुपये चहाला.
ते पन्नास मी खर्चले कशात,
आठवत नाही. आठवायला पाहिजे होतं.

"मग आता?" हर्षाली विचारते.
आता कानामागे ठिपकाभर लावू,
दोन दिवस वाट पाहू.
ती तोंड वाकडं करते,
भंडाऱ्याला मावसबहिणीचं लग्न आहे शनिवारी.
आज बुधवार. पुरते.

शुक्रवारी येते. कान स्वच्छ.
हातात वीसची बाटली, दुकानवाल्याशी भांडून बदललेली,
"म्हणे, तुमच्या मावशीले का समजते?"
हसतो दोघी.

प्लास्टिकची वाटी, जुना टॉवेल, कपाळाच्या कडेनं व्हॅसलीन.
आधी टोकं, मग मधले,
मुळं सगळ्यात शेवटी,
डोक्याच्या उबेनं ती आपली आपणच पुढं पळतात,
त्यात हे नागपूर.

लाइट जाते. कूलर घरघरत थांबतो.
खोलीत फक्त अमोनिया आणि तिचा मोबाइल,
त्यावर पस्तीस मिनिटं उलटी मोजणारे आकडे.
"मावशी, तुमचे तर सारेच पांढरे झाले,
तुम्ही काहून नाही लावत?"

चुरचुरते का, मी विचारते.
नाही.
पाच मिनिटांनी
परत विचारते.