गुणलेखक

मिथुन चोपडेकर निवतीच्या वाळूत पहिल्यांदा उतरला
तेव्हा बारा वर्षांचा होता,
आणि चड्डीला नाडीच्या जागी जाळ्याचा दोरा.
मी तेव्हाही समुद्रराज मंडळाचा गुणलेखक होतो.
डुगडुगतं टेबल, वही, पेन,
समोर चुन्याच्या रेषा,
ज्या भरतीच्या आधी वाराच पुसून टाकायचा.

हात लागला की गुण. इतकं सोपं.
तो मध्यरेषा ओलांडायचा,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
आणि कोपऱ्यातल्याच्या घोट्याला बोट लावून यायचा,
पाणी हलायच्या आत खंड्या मासा नेतो तसा.
पंचांची शिट्टी मागाहून.
मी आधीच लिहून मोकळा.

मग राज्याचा संघ. मग टीव्हीवरची लीग.
मग कुडाळच्या नाक्यावर फलकावर तो,
सिमेंटच्या गोणीवर एक पाय ठेवून.
तांडेलांनी होडीवर त्याच्या जर्सीचा सात रंगवला.
वेंगुर्ल्याच्या सलूनात मिथुन कट, साठ रुपये.
माझ्या मुलीने शाळेच्या फॉर्मवर
छंद म्हणून त्याचं नाव लिहिलं,
आणि बाईंनी ते खोडलं नाही.

श्रावणात दीपश्रीचं मनगट मोडलं.
कुडाळच्या दवाखान्यात ती म्हणाली, न्हाणीत पडले.
दुसऱ्या खेपेस तसं म्हणाली नाही.

बंदरावर लिलाव चालू असताना
बांगड्यांच्या टोपल्यांवरून लोक एकमेकांची समजूत घालत होते.
'तेचो खेळ येगळो, तेचा घर येगळा.'
'ता चेडू पण काय कमी नाय.'
'पोलिसांका काय, मोठो माणूस गावलो.'
होडीवरचा सात कोणी पुसला नाही.
तांडेलांनी फक्त होडी फिरवून लावली,
आकडा समुद्राकडे करून.

मी गप्प. गुणलेखकाला मत नसतं,
हे तीस वर्षं अभिमानाने सांगत आलोय.

पूर्वी जिल्ह्यातल्या प्रत्येक सामन्यानंतर
दीपश्रीचा फोन यायचा. तो घरी पोचायच्या आधी.
'काका, हरलो काय जिकलो?'
मी बायकोला म्हणायचो,
बघ, हिच्याइतकं वेड गावात कोणाला नाही.

परवा खवण्याला गेलो. आईच्या पडवीत बसली होती,
प्लास्टरचा हात मांडीवर, परक्याचा असावा तसा.
मी काहीतरी बोलायचं म्हणून तेच बोललो,
तुझा फोन येत नाही हल्ली.
ती म्हणाली,
'जिकलेल्या राती तो बरो आसायचो.
हरलेल्या राती मी पोराक हयसर निजाक धाडी.
म्हणान विचारी.'
आणि चहात साखर किती, ते विचारलं.

घरी येऊन वही उघडली. वह्या, खरं तर.
हरलेले सामने मोजले. एकोणीस.
प्रत्येकापुढे माझं वळणदार अक्षर,
चढाया, पकडी, बोनस, लोण.
त्या एकोणीस तारखांना त्या घरात
कुठे कुठे हात लागला,
त्याचा रकाना छापलेला नाही.

दिवाळीनंतरच्या स्पर्धेत तो उतरला.
मातीला हात लावून कपाळाला लावला, नेहमीसारखा.
टाळ्या आल्या, पण पावसाळ्यानंतरच्या इंजिनासारख्या,
दोनदा अडकून मग चालू.
मुलगी आली नव्हती. मी का ते विचारलं नव्हतं.

दोन गुणांनी मागे. शेवटची चढाई.
तो निघाला आणि माझा दम अडला.
तीस वर्षांची सवय, छातीला वही वाचता येत नाही.
तो जिंकावा असं मला वाटलं.
खेळासाठी वाटलं,
की जिथे आता कोणी राहत नाही त्या घरासाठी,
हे कळेपर्यंत त्याने तिघांना शिवलं
आणि रेषेवर हात टेकून परत आला.
स्वच्छ. वाद घालायला जागाच नाही.

पंचांनी माझ्याकडे पाहिलं.
पेन वहीवर थोडं जास्तच टेकलं, शाई पसरली.
मी तीन लिहिले.
तीनच होते.