पांढरी तीन

मिरजेहून निघालो पहाटेच्या गाडीनं.
वाईला उतरून पसरणीच्या घाटाची दुसरी,
मांडीवर अब्बांची पिशवी: चाव्या, नमदा,
पाचरी, नादकाटा. त्याचा दांडा
एका बाजूनं झिजलाय, त्यांच्या अंगठ्याएवढा.
आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या तंबोरे होतात.
पियानो ही अब्बांची एकट्याची खोड.
त्यांच्या माघारी ती माझ्या गळ्यात.

पाचगणीच्या शाळेत नवा पियानो आलाय.
काळाभोर. पोटात वायरी.
म्हणे वाजवणारं माणूस लागत नाही.
मला बोलावलं ते फक्त सूर तपासायला.

लॅपटॉपवाली पोरगी आवटी, आमच्याच मिरजेची,
चहा हातात देऊन सांगू लागली:
गुलूबाई तारापोर इथं शिकवायच्या.
त्यांची एक टेप सापडली, बिस्किटाच्या डब्यात,
स्वेटरच्या बटणांखाली. चौसष्ट साल.
टेपवर निम्मं तर पत्र्यावरचं पाणीच.
मग मशीननं पाणी वेगळं काढलं,
खोकला वेगळा, स्टुलाची कुरकुर वेगळी,
आणि मागं ठेवलं एवढंच:
कुठली पट्टी, कधी, किती जोरात.
एकोणीस हजार ओळी आकड्यांच्या.
ती म्हणाली, काका, हे रेकॉर्डिंग नाही,
ह्या त्या स्वतः.

तिनं बटण दाबलं.

पट्ट्या आपोआप खाली जायला लागल्या,
हरभऱ्याच्या रानातून उंदीर पळावा
आणि आपल्याला दिसावेत नुसते हलते घाटे,
तसं.
बाईंचे हात मी लहानपणी एकदा पाहिले होते,
पेपरमिंटची पुडी देताना.
निळ्या शिरा, नखं बारीक कापलेली.
तेच का हे, कळेना.

आणि मग ते आलं.
मधल्या सप्तकातली पांढरी तीन.
तिच्या आधी एक थांबा.
पापणी मिटायला लागते तेवढाच,
पण दर वेळी. न चुकता. तिच्याच आधी.
मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.
खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या विद्यार्थ्यानं
रुमाल काढला, आणि नुसताच धरून ठेवला.
पोरगी हळूच म्हणाली,
काय भाव आहे ना ह्या थांबण्यात!
आम्ही मुद्दाम हात नाही लावला त्याला.

अब्बांची वही माझ्या पिशवीत असते.
जिन्यात बसून पानं उलटली.
चौसष्ट. ऑगस्ट. पेन्सिलीनं:
*तारापोरबाई, पाचगणी. पांढरी तीन फुगली.*
*दाबली की वर यायला वेळ लावते.*
*घासून दिली. धुकं आहे, परत फुगेल.*
*बाईंना सांगितलं, ती वर येईस्तोवर थांबत जा.*
*सात रुपये. वर दोन अंडी.*

परत गेलो. वही तिच्यासमोर ठेवली.
तिनं दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट लावून.
मग विचारलं, म्हणजे हा पियानो
उगाचच थांबतोय?
मी पांढरी तीन दाबून पाहिली.
लोण्यासारखी. सोडायच्या आत वर.
ती म्हणाली, दहा मिनिटांचं काम आहे.
सगळे थांबे काढून टाकते. काढू?

हॉलमध्ये कुणी खुर्च्या लावत होतं.
मला एवढंच दिसत होतं:
धुक्यात छत्री झटकणारे अब्बा,
ओल्या कोटाचा वास, आणि मोडक्या मराठीत,
जरा थांबत जा, बाई.
आणि बाई साठ वर्षं
त्यांचं ऐकतायत.

म्हटलं, आधी परत एकदा लाव.

घाट उतरताना वहीत लिहिलं,
गाडी हलत होती, अक्षर वाकडं आलं:
*फेब्रुवारी. पाचगणी, शाळा. नवा पियानो.*
*पांढरी तीन उत्तम. तरी थांबते.*
*दुरुस्ती नाही.*
*बाराशे रुपये. एसटीचं भाडं वेगळं.*